दूध खरंच वाढलं, की नुसतं वाटलं?

आज आपण आकड्यांविषयी बोलणार आहोत. लगेच रेडिओचा आवाज कमी करू नका! शाळेतलं अवघड गणित काढायचं नाही. आज लागणार आहेत तीनच गोष्टी: बोटांवर मोजता येणं, लहान-मोठं ओळीनं मांडता येणं, आणि एक रुपयाचं नाणं. एवढ्यावर गटाचे हजारो रुपये वाचू शकतात.

गटांच्या बैठकांना आम्ही जातो, तेव्हा एक गोष्ट बऱ्याच ठिकाणी दिसते. कोणीतरी काहीतरी विकायला येऊन गेलेलं असतं. कधी गाईच्या पेंडीत मिसळायची पावडर, कधी कोंबड्यांच्या पाण्यात टाकायचं औषध, कधी भाजीवर फवारायचं टॉनिक. "ताई, शेजारच्या गावात सगळ्यांचं दूध वाढलं," असं तो सांगून गेलेला असतो. दोघी-तिघींनी वापरूनही पाहिलेलं असतं. एक म्हणते, "माझ्या गाईचं वाढलं बाई." दुसरी म्हणते, "आमच्या गाईला तर काडीचा फरक नाही." मग जिचा आवाज मोठा तिचं खरं ठरतं आणि प्रोसिडिंगच्या वहीत ठराव लिहिला जातो.

आता यात कोणी खोटं बोलत नसतं. गाईचं दूध रोज थोडं कमी-जास्त होतच असतं. ऊन, हिरवा चारा, पाणी, माज, व्यायल्यापासूनचे महिने, सगळ्याचा परिणाम असतो. त्यामुळे पावडर दिली आणि दूध वाढलं, एवढ्यावरून पावडरीनं वाढलं असं म्हणता येत नाही. पावडर दिली नसती तरी काही गाईंचं वाढलंच असतं. मग खरा फरक आणि योगायोग यांतला भेद ओळखायचा कसा? त्यासाठी काही सोप्या पद्धती आहेत. संख्याशास्त्रात त्यांना नॉनपॅरामेट्रिक चाचण्या म्हणतात. नाव मोठं आहे, काम साधं आहे. आकड्यांनी अमुकच आकारात बसलं पाहिजे अशी अट या चाचण्या घालत नाहीत. त्या फक्त मोजतात आणि रांग लावतात.

आधी चिठ्ठी, मग पावडर

एक उदाहरण घेऊ. यातले आकडे हिशोब समजण्यापुरते मानलेले आहेत. तुम्ही तुमच्या वहीतले घाला.

समजा, आपल्या गटात बारा जणी आहेत आणि प्रत्येकीकडे एक दुभती गाय आहे. पावडरीचा खर्च एका गाईला दिवसाला १२ रुपये. बारा गाईंचा महिन्याचा खर्च झाला ४,३२० रुपये. गटाची बचत प्रत्येकी २०० रुपये धरली, तर महिन्याला जमतात २,४०० रुपये. म्हणजे सगळ्या गटाची बचत या पावडरीला पुरणार नाही, वरून कर्ज काढावं लागेल. म्हणून आधी पारख केली पाहिजे.

पारख अशी करायची. प्रत्येक गाईला दहा दिवस पावडर द्यायची आणि दहा दिवस द्यायची नाही. मधले चार-पाच दिवस मोजायचे नाहीत, म्हणजे आधीचा परिणाम पुढच्या दिवसांत मिसळणार नाही. दूध डेअरीच्या मापानंच मोजायचं. चारा, पेंड, पाणी आहे तसंच ठेवायचं.

कोणत्या गाईला आधी पावडर आणि कोणत्या गाईला नंतर? हे आपण ठरवायचं नाही. बारा चिठ्ठ्या टाकायच्या, त्यांतल्या सहा उचलायच्या. त्या सहा गाईंना आधी पावडर, बाकीच्या सहांना नंतर. असं का? सगळ्यांनीच नंतर दिली आणि नेमका तेव्हाच पाऊस पडून हिरवा चारा आला, तर श्रेय पावडरीला जाईल. चिठ्ठी टाकली की कोणाच्या मनातलं आपलं-परकं त्यात शिरत नाही.

ही चिठ्ठीची रीत आपल्याला नवी नाही. पीककापणी प्रयोगात शेताचा कोणता तुकडा कापायचा, हे शेतकरीही ठरवत नाही आणि तलाठीही नाही. ती जागा नियमानं, जणू चिठ्ठी टाकून ठरते. पिकाचा अंदाज काढण्याची ही पद्धत आपल्या देशात रुजवणाऱ्यांमध्ये डॉ. पांडुरंग सुखात्मे होते. १९११ साली सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी त्यांचा जन्म झाला. तेव्हा हे शास्त्र शहरातल्या कागदांवरचं नाही, आपल्या बांधावरचं आहे.

सरासरी कुठे फसवते

महिनाभरानंतर प्रत्येक गाईचा फरक काढायचा. पावडरीच्या दिवसांतलं रोजचं दूध, त्यातून बिनपावडरीच्या दिवसांतलं रोजचं दूध वजा. बाराही फरक लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं लिहायचे. समजा, ते असे आले.

चार गाईंचं दूध कमी झालं: ६०० मिली, ४०० मिली, ३०० मिली आणि १०० मिली.

आठ गाईंचं वाढलं: १००, २००, ३००, ४००, ५००, ६००, ८०० आणि शेवटची गौरी, ६,३०० मिली.

सगळ्यांची बेरीज-वजाबाकी करून बारानं भागलं, तर सरासरी वाढ येते ६५० मिली. विकणारा हाच आकडा छापेल. "गाईमागं रोज साडेसहाशे मिली वाढ!" पण ओळीकडे नीट बघा. बारांपैकी दहा गाईंची वाढ ६५० मिलीच्या आतच आहे, चारींचं तर उलट कमी झालं. सरासरी फुगली ती एकट्या गौरीमुळं. गौरीला बिनपावडरीच्या दिवसांत ताप होता, पाच लिटरवर आली होती. बरी झाल्यावर ती आपल्या मूळ दुधावर गेली. तिला बाजूला ठेवून उरलेल्या अकरा गाईंची सरासरी काढली, तर वाढ भरते जेमतेम १३६ मिली.

गावातल्या जमिनीची सरासरी काढताना असंच होतं ना? एका घरात पन्नास एकर आणि एकोणीस घरांत एकेक एकर, तर सरासरी साडेतीन एकराच्या जवळ जाते. साडेतीन एकरवाला गावात एकही नसतो.

म्हणून सरासरीऐवजी मधला आकडा बघायचा. शाळेच्या पुस्तकात त्याला मध्यक म्हणतात. बारा आकड्यांच्या ओळीत मधले दोन म्हणजे सहावा आणि सातवा, २०० आणि ३००. त्यांच्या मधोमध २५०. म्हणजे मधल्या गाईची वाढ पाव लिटर. गौरीचे ६,३०० चे ९,००० झाले असते, तरी मधला आकडा जागचा हलला नसता. एकट्याच्या मोठ्या आवाजानं तो बदलत नाही, हाच त्याचा गुण.

नाणं काय सांगतं

बारांपैकी आठ गाईंचं दूध वाढलं. ऐकायला चांगलं वाटतं. आता असं समजू, की पावडरीत काहीच दम नाही, ती नुसती माती आहे. तरी प्रत्येक गाईचं दूध त्या दहा दिवसांत थोडं वाढेल किंवा थोडं घटेल. दोन्हींची शक्यता सारखी. म्हणजे प्रत्येक गाय एक नाणं झाली. छापा पडला तर वाढलं, काटा पडला तर घटलं. प्रश्न एवढाच उरतो: बारा नाणी उडवली तर आठ किंवा जास्त छापे पडणं किती दुर्मीळ आहे?

हे कागदावर मोजता येतं. एक नाणं दोन प्रकारे पडतं, दोन नाणी चार प्रकारे, तीन नाणी आठ प्रकारे. असं दुप्पट करत गेलं की बारा नाणी ४,०९६ प्रकारे पडतात. त्यांपैकी ७९४ प्रकारांत आठ किंवा जास्त छापे असतात. म्हणजे शंभरात सुमारे १९ वेळा. पण आपण निष्पक्ष असलो पाहिजे. आठ गाईंचं दूध घटलं असतं, तर "पावडर वाईट" असंही आपण म्हणालो असतो. म्हणून दोन्ही बाजू धरायच्या. मग शंभरात सुमारे ३९ वेळा नुसत्या योगायोगानं इतका फरक दिसतो.

विश्वास बसत नसेल, तर बैठकीत करून बघा. दहा जणींनी बारा-बारा वेळा नाणं उडवायचं. सरासरी चार जणींकडे एक बाजू आठ किंवा जास्त वेळा पडेल. कधी तीन, कधी पाच. आणि नाण्याला कोणी पावडर चारलेली नसते!

मग किती गाईंचं दूध वाढलं तर पावडरीत दम आहे असं मानायचं? रोनाल्ड फिशर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं १९२५ साली छापलेल्या पुस्तकात वीसात एक, म्हणजे शंभरात पाच, ही मर्यादा सोयीची मानली. तेव्हा तो इंग्लंडमधल्या शेती संशोधन केंद्रात काम करत होता. तेव्हापासून ती मर्यादा रूढ झाली. योगायोगानं घडण्याची शक्यता शंभरात पाचपेक्षा कमी असेल, तर फरक खरा धरून पुढे जायचं. बारा गाईंत यासाठी किमान दहा गाईंचं दूध वाढायला हवं. दहा किंवा जास्त एकाच बाजूला पडणं शंभरात चारच्या जवळपास घडतं. नऊ गाईंवर भागत नाही, ते शंभरात पंधराच्या जवळ जातं.

या पद्धतीला साइन टेस्ट म्हणतात. फक्त अधिक की उणे एवढं चिन्ह बघायचं. एखाद्या गाईचा फरक अगदी शून्य आला, तर तिला मोजणीतून वगळायचं. ही मापं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा:

६ असतील तर सहाच्या सहा एका बाजूला हवेत.
८ असतील तर आठच्या आठ.
१० असतील तर किमान ९.
१२ असतील तर किमान १०.
१५ असतील तर किमान १२.
२० असतील तर किमान १५.
३० असतील तर किमान २१.

यात पाच नाहीत, हे लक्षात आलं का? पाच गाईंत पाचही गाईंचं दूध वाढलं, तरी ते शंभरात सहा वेळा योगायोगानं घडतं. म्हणजे "आम्हा पाच जणींना गुण आला" एवढ्यावर गटाचा पैसा घालायचा नाही.

डाल्याखालची कोंबडी

"फरक आहे की नाही" एवढ्यावर आपलं भागत नाही. फरक किती, हे कळायला हवं. मधला आकडा २५० मिली आला खरा. पण या बारा गाई आहेत. दुसऱ्या बारा घेतल्या असत्या तर कदाचित १०० आला असता, कदाचित ४००. खरा मधला आकडा आपल्याला दिसत नाही. मग एकाच आकड्यावर बोट ठेवण्याऐवजी पट्टा सांगायचा: अमुकपासून अमुकपर्यंत. याला कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणतात. आपण विश्वासाचा पट्टा म्हणू.

संध्याकाळी अंधार पडलाय आणि कोंबडी झाकायची आहे. कोंबडी दिसत नाही, आवाजावरून अंदाज घेऊन आपण डालं टाकतो. डालं छोटं असेल तर कोंबडी निसटते. डालं मोठं असेल तर बहुधा सापडते, पण नेमकी कुठल्या कोपऱ्यात आहे ते कळत नाही. विश्वासाचा पट्टा म्हणजे हे डालं. असा प्रयोग शंभर वेळा केला आणि शंभर वेळा डालं टाकलं, तर सुमारे पंच्याण्णव वेळा कोंबडी आत असावी, इतकं मोठं डालं घ्यायचं.

ते काढायचं कसं? पुन्हा ओळच. बारा आकड्यांच्या ओळीत खालून दोन सोडा, वरून दोन सोडा. खालून तिसरा आणि वरून तिसरा, ही पट्ट्याची दोन टोकं. बारा आकड्यांना हा पट्टा शंभरात छप्पन्न नव्हे, छप्पन्न अधिक चाळीस म्हणजे शहाण्णव वेळा खरा ठरतो. दहा आकडे असतील तर दोन्हीकडून एकेक सोडायचा. पंधरा असतील तर तीन-तीन, वीस असतील तर पाच-पाच, तीस असतील तर नऊ-नऊ. सहा किंवा आठच असतील तर काहीच सोडायचं नाही, सगळ्यात लहान ते सगळ्यात मोठा हाच पट्टा.

आपल्या ओळीत खालून तिसरा आहे ३०० मिली घट. वरून तिसरा आहे ६०० मिली वाढ. म्हणजे पावडरीचा खरा परिणाम ३०० मिली घट इथपासून ६०० मिली वाढ इथपर्यंत कुठेही असू शकतो. शून्य या पट्ट्याच्या आत आहे. नाण्यानं जे सांगितलं तेच पट्ट्यानंही सांगितलं: अजून काही ठरलेलं नाही.

वाढलं का, यापेक्षा परवडलं का

इथे आपल्या कामाचा खरा प्रश्न येतो. समजा, डेअरीचा दर लिटरला ३० रुपये आहे आणि पावडर दिवसाला १२ रुपयांची. म्हणजे नुसता पावडरीचा खर्च निघायला रोज ४०० मिली दूध वाढलं पाहिजे. नफा त्याच्या पुढे. तेव्हा शून्यावर नाही, ४०० वर रेघ मारा. रेघेच्या वर किती गाई? ५००, ६००, ८०० आणि गौरी, अशा चार. एक बरोबर रेघेवर, तिला वगळलं. रेघेखाली सात. म्हणजे आठ गाईंचं दूध वाढलं हे खरं, पण पैसे सुटले फक्त चारींचे, आणि त्यांतली एक आजारातून उठलेली.

पट्ट्याचं वरचं टोक ६०० आहे, म्हणजे पावडर परवडण्याची शक्यता अजून शिल्लक आहे. पण तिच्यासाठी कर्ज काढावं इतका पुरावा नाही. अशा वेळी गटानं दोनच गोष्टी कराव्यात. एक तर पावडर नको म्हणावं. किंवा शेजारच्या गटाला सोबत घेऊन तीस गाईंवर पारख करावी. गाई वाढल्या की डालं लहान होतं, कोंबडी नेमकी कुठे आहे ते जास्त कळतं. विकणाऱ्याला म्हणा, "दादा, पारखीपुरती पावडर तुम्ही द्या. गुण आला तर वर्षभर घेऊ." मालावर भरवसा असेल तर तो देईल.

आणि हेही ध्यानात ठेवा: "फरक सिद्ध झाला नाही" याचा अर्थ "फरक नाही" असा होत नाही. अंधारात कोंबडी दिसली नाही म्हणून ती नाहीच असं आपण म्हणतो का?

दोन वेगळे कळप असतील तर

दर वेळी एकाच जनावरावर दोन्ही गोष्टी करून बघता येत नाहीत. जंताचं औषध पाजलेल्या करडाला पुन्हा न पाजलेलं करता येत नाही. मग रांग लावायची.

समजा, आठ करडं आहेत, एकाच वयाची. चिठ्ठ्या टाकून चारांना औषध पाजलं, चारांना नाही. ठरवलेल्या दिवशी आठांचं वजन केलं आणि जड ते हलकं अशी रांग लावली. औषधवाली चारही पुढे आणि बाकीची चारही मागे अशी रांग लागली, तर काय समजायचं? आठ जागांतून चार जागा निवडायचे ७० प्रकार असतात. औषधाचा काही संबंध नसेल, तर हे सत्तरही प्रकार सारखेच शक्य. त्यांपैकी एकात औषधवाली सगळी पुढे, एकात सगळी मागे. सत्तरात दोन, म्हणजे शंभरात तीनच्या आत. हा योगायोग मानायचं कारण नाही. पण औषधवालं शेवटचं करडू एक जागा जरी मागे सरकलं, तरी ते सत्तरात चार होतं, शंभरात सहाच्या जवळ. मर्यादा ओलांडली. आणि तीन-तीनच करडं घेतली तर प्रकारच वीस, त्यात दोन म्हणजे शंभरात दहा. मग रांग कितीही सुंदर लागली तरी उपयोग नाही.

ही रांगेची चाचणी १९४५ साली फ्रँक विल्कॉक्सन यांनी मांडली. अमेरिकेतल्या रसायनांच्या कंपनीत काम करणारे ते रसायनशास्त्रज्ञ होते. रोजच्या प्रयोगांसाठी झटपट करता येईल असा हिशोब त्यांना हवा होता. दोन वर्षांनी मान आणि व्हिटनी या दोघांनी ती आणखी पक्की केली. आज जगभरातल्या दवाखान्यांच्या आणि शेतीच्या संशोधनात ती वापरतात. मुळात ती रांगच आहे, रेशन दुकानासमोर लागते तशी.

मुली किती, मुलगे किती

आकड्यांची ही पारख दुधापुरती नाही. अंगणवाडीच्या नोंदवहीत बघा. समजा, गावात वर्षात वीस बाळं जन्मली. बारा मुलगे, आठ मुली. लगेच गावावर बोट ठेवायचं का? नाणं सांगतं, वीस वेळा उडवलं तर बारा किंवा जास्त छापे चारांत एकदा पडतातच. म्हणजे कोणी काही न करताही, अशा दर चार गावांतल्या एका गावात एवढा फरक दिसेल. एका वर्षाच्या वीस बाळांवरून कोणत्याही घराला, कोणत्याही सुनेला दोष देता येत नाही.

पण हाच फरक लाखो मुलांत दिसला, तर गोष्ट वेगळी. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. निसर्गतः जन्माला येताना मुलगे थोडे जास्तच असतात. हजार मुलग्यांमागे साधारण साडेनऊशे मुली. त्याहून हा आकडा बराच खाली आहे आणि मुलं मोजली होती एक कोटीहून जास्त. इथे डालं इतकं लहान असतं, की योगायोगाला लपायला जागाच उरत नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा १९९४ साली झाला, तो कशासाठी लागला ते हे आकडे सांगतात.

गंमत म्हणजे साइन टेस्टची पहिली नोंदच मुलगे-मुली मोजताना झाली. लंडनमधले डॉक्टर जॉन आर्बथनॉट यांनी १७१० पर्यंतच्या ८२ वर्षांच्या बारशांच्या नोंदी तपासल्या. ब्याऐंशीही वर्षं हिशोब एकच: दर वर्षी मुलगे जास्त. ब्याऐंशी वेळा नाणं उडवून ब्याऐंशी छापे पडणं जवळपास अशक्य. हा योगायोग नाही, हे त्यांनी बरोबर ओळखलं. पण कारण काय, तर त्यांनी ते देवाची योजना म्हणून सांगितलं. यातून आपण एक शिकायचं. चाचणी एवढंच सांगते, की हा योगायोग दिसत नाही. कारण कोणतं, ते शोधायला डोळे उघडे ठेवून आपल्यालाच फिरावं लागतं.

वहीत लिहून ठेवायचे नियम

शेवटी चार नियम सांगतो.

पहिला: काय मोजायचं, किती दिवस मोजायचं, किती गाईंवर मोजायचं, हे आधी ठरावात लिहायचं. "आठवडाभरात वाढलेलं दिसलं, आता थांबू या" असं चालणार नाही.

दुसरा: न आवडलेला आकडा खोडायचा नाही. गाय आजारी पडली तर तसा शेरा लिहायचा, पण आकडा ठेवायचा. गौरी ओळीत राहिली, तरी मधल्या आकड्यानं आपल्याला फसू दिलं नाही.

तिसरा: एकाच गाईचं बारा दिवसांचं दूध म्हणजे बारा गाई नव्हेत. एका घरातल्या चार गाईंना चारा एकच, वैरण घालणारे हात एकच. त्यामुळे शक्यतो वेगवेगळ्या घरांतली जनावरं घ्या.

चौथा: वीस वेगवेगळ्या पावडरी तपासल्या, तर कशातही दम नसताना एखादी तरी योगायोगानं पास होऊ शकते. म्हणून जी पास झाली ती पुन्हा एकदा तपासा, मगच ठराव करा.

मैत्रिणींनो, गटाच्या पेटीतला एकेक रुपया कोणीतरी निंदणीच्या मजुरीतून, कोणीतरी अंडी विकून टाकलेला आहे. तो खर्च करताना "शेजारच्या गावात गुण आला म्हणे" एवढं पुरे नाही. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपलं डेअरीचं कार्ड घेऊन या. मागच्या दोन महिन्यांतला रोजच्या दुधाचा फरक काढा, बाराही आकडे फळ्यावर ओळीनं लिहा, मधला आकडा शोधा आणि दोन्ही टोकांकडून दोन-दोन खोडून पट्टा काढा. कोणतीही पावडर न देता तो पट्टा केवढा येतो ते बघा. मग पुढच्या वेळी कोणी पिशवी घेऊन दारात आला, की त्याला काय विचारायचं ते तुम्हाला आम्ही सांगायची गरज उरणार नाही.